पाहुण्याचें सुख

परदेशच्या शहरांत चार दिवस जाऊन आलेला मनुष्य तेथील राजवाडे, चित्रसंग्रह आणि मंदिरें यांचें वर्णन करतो. तीन महिने राहून आलेला मनुष्य बहुधा पावाच्या दुकानाविषयीं बोलूं लागतो. हा फरक केवळ दिवसांच्या संख्येचा नाहीं. पहिला तें शहर पाहतो, दुसरा त्यांत राहतो. आणि राहणाऱ्याला जें सुख मिळतें तें इतकें सामान्य असतें कीं, तें सांगतांना त्याचें त्यालाच ओशाळल्यासारखें होतें. सकाळचा गरम पाव, ठराविक वेळेची ट्राम, कोपऱ्यांतलें सवयीचें टेबल, एवढ्यासाठीं का कोणी समुद्र ओलांडावा? परंतु आनंद झाला तो याच गोष्टींनीं, हेंही खरें. मग हा आनंद कोणत्या जातीचा, आणि तो घेण्याचा आपणांस कितपत अधिकार पोंचतो, असा प्रश्न उभा राहतो. नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असल्या प्रश्नाला सहसा जागा मिळत नाहीं, म्हणून तो येथें मांडतों.

उदाहरणासाठीं व्हिएन्ना शहर घेतों, कारण एके वर्षीं सप्टेंबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत माझा मुक्काम तेथें होता. आपल्या शरदाशीं तिकडच्या शरदाचें सख्य केवळ नांवापुरतें आहे. आपला शरद म्हणजे पाऊस सरल्यावर निवळलेलें आकाश आणि कोजागरीचें चांदणें. पानगळ आपल्याकडे शिशिरांतली. तिकडे शरद म्हणजेच उतरती कळा. प्राटर नांवाचें जें विस्तीर्ण उपवन तेथें आहे, ती मूळची राजघराण्याची शिकारीची राखीव जागा. सम्राट दुसऱ्या योसेफानें १७६६ सालीं ती सर्व लोकांस खुली केली. तेथल्या ४ किलोमीटरांहून लांब अशा सरळ रस्त्याच्या दोन्ही अंगांस चेस्टनटच्या झाडांच्या रांगा आहेत. त्यांचीं पानें प्रथम कडेनें करपतात. मग तकतकीत तपकिरी फळें टपटप पडूं लागतात आणि मुलें तीं वेंचून खिसे भरतात. हीं फळें खाण्याचीं नव्हत. खाण्याचे चेस्टनट निराळ्या झाडाचे, आणि ते रस्त्याच्या कोपऱ्यावर शेगडीवर भाजून कागदाच्या पुड्यांतून मिळतात. थंडीच्या दिवशीं हा पुडा आधीं हात शेकण्यासाठीं घ्यावा आणि मग खाण्यासाठीं.

याच दिवसांत शहराच्या हद्दींतल्या टेकड्यांवर द्राक्षांची तोडणी चालते. एवढ्या मोठ्या राजधानीच्या सीमेंत सुमारें ६०० हेक्टर द्राक्षमळे असावे हें प्रथम खरें वाटत नाहीं. मळेवाल्यानें स्वतः पिकविलेलें आसव आपल्या दारीं विकावें, ही मुभा त्याच योसेफानें १७८४ सालीं दिली. आणि दारावर हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली कीं आंत जाऊन बसावें, ही खूण अद्याप चालू आहे. अर्धवट आंबलेला गढूळ द्राक्षरस याच ऋतूंत मिळतो. तो बाटलींतही आंबतच असतो, म्हणून तिला घट्ट बूच लावतां येत नाहीं, आणि अर्थातच फार दूर नेतांही येत नाहीं. (सोवळ्या वाचकांनीं हीं दोन वाक्यें सोडून द्यावीं.)

परंतु खरें सुख कॉफीगृहांतलें. संगमरवरी टेबल, वाफेनें वाकविलेल्या लांकडाच्या खुर्च्या, लांकडी दांडीला अडकविलेलीं वर्तमानपत्रें, लहानशा तबकांत कॉफीचा पेला आणि त्याच्या शेजारीं पाण्याचा ग्लास. एका पेल्यावर दोन तास बसलें तरी कोणी भिवई उंचावीत नाहीं. उलट पाणी संपलें तर पुष्कळ ठिकाणीं न मागतां दुसरा ग्लास येतो. पीटर आल्टेनबर्ग नांवाचा लेखक तर आपला पत्ता म्हणून सेंट्रल कॉफीगृहाचेंच नांव देत असे. त्या पाण्याच्या ग्लासाचीही कथा आहे. हें पाणी आल्प्सच्या झऱ्यांचें. विहिरींच्या दूषित पाण्यानें शहरांत पटकी आणि विषमज्वर यांचा सुळसुळाट होता, तेव्हां डोंगरांतून पाणी आणण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. पहिला जलमार्ग १८७३ सालीं पुरा झाला, दुसरा १९१० सालीं. या दुसऱ्याची लांबी सुमारें १८० किलोमीटर. केवळ उताराच्या बळावर पाणी ३६ तासांत शहरीं पोंचतें. ज्यांनीं हे बोगदे खोदले त्यांस मीं एक पैसाही दिलेला नाहीं, आणि ग्लास मात्र रोज रिकामा केला.

येथें प्रश्नाचें टोंक लागूं लागतें. घरींही चहा मिळतो, पाणी मिळतें, सकाळचें वर्तमानपत्र मिळतें. मग घरीं तें सुख कां वाटत नाहीं? नावीन्य हें उत्तर पुरेसें नाहीं. तिसऱ्या महिन्यांत नावीन्य उरत नाहीं, तरी सुख उरतें. मला वाटतें, घरच्या प्रत्येक सुखाला एक दोरी बांधलेली असते. चहाबरोबर शेजाऱ्याची कागाळी येते, वर्तमानपत्राबरोबर आपण मत देऊन निवडलेल्या मंडळींचे प्रताप येतात. परक्या शहरांत पाहुण्याकडे कोणाचेंच कांहीं मागणें नसतें. ट्राम वेळेवर आली तर तो खूष होतो. ती चालविण्याच्या खर्चावरून नगरसभेंत काय रणें माजलीं याची त्याला वार्ता नसते. आपल्यांतला एखादा सुशिक्षित मनुष्य या स्थितीला मोठ्या ऐटीनें अनासक्ति म्हणूं लागतो. ही शुद्ध फसवणूक आहे. गीतेची अनासक्ति म्हणजे कर्म करून फलापासून दूर राहणें. हा पाहुणा फळ घेतो आणि कर्मापासून दूर राहतो. हें तर नेमकें उलट झालें!

अतिथीला देव मानावें ही उपनिषदांतली आज्ञा आहे खरी, पण ती यजमानाला. कांटनें १७९५ सालच्या आपल्या शाश्वत शांततेवरील निबंधांत परक्या मनुष्याला शत्रु न लेखतां येऊं द्यावें, एवढाच हक्क त्याला दिला; आल्यावर त्यानें कसें वागावें, हा विषय त्यानें फारसा वाढविला नाहीं. स्वतः कांट आपला प्रांत सोडून कधीं दूर गेला नव्हता, हेंही एक कारण असेल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं घड्याळें एक तास मागें सारतात आणि एकाएकीं पांचाच्या आधींच दिवे लागतात. लगेच १ नोव्हेंबरचा मृतांच्या स्मरणाचा सण येतो. ७१ क्रमांकाच्या ट्रामनें लोक मेणबत्त्या आणि शेवंतीचीं फुलें घेऊन मध्यवर्ती स्मशानभूमीकडे निघतात. 'त्यानें ७१ नंबर पकडला' म्हणजे तो वारला, असा तिकडे वाक्प्रचारच आहे. तेथें शुबर्ट आणि बीथोव्हेन शेजारीं शेजारीं निजले आहेत. पाहुणा तेथें टोपी काढून उभा राहतो. या दोघांवर सर्व जगाचा हक्क आहे असें तो समजतो.

आणि मग ९ नोव्हेंबर येतो. १९३८ च्या मार्चांत जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळला, तेव्हां या शहरांत दीड लाखांहून अधिक ज्यू होते. ज्या कॉफीगृहांची कीर्ति आपण ऐकतों ती घडविणारे लेखक, वैद्य, वकील यांतले पुष्कळ त्याच समाजाचे. बागांतल्या बांकांवर बसण्यास त्यांना बंदी झाली. त्या नोव्हेंबरच्या ९ आणि १० तारखांस त्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळून उध्वस्त करण्यांत आलीं. मुख्य मंदिर वांचलें, तें दयेमुळें नव्हे, तर राहत्या घरांच्या ओळींत बांधलेलें असल्यानें त्याला लावलेली आग शेजाऱ्यांनाही लागली असती म्हणून. ऑस्ट्रियांतल्या सुमारें ६५,००० ज्यूंची पुढें हत्या झाली. त्यांपैकीं ६४,००० हून अधिक नांवें कोरलेली एक भिंत २०२१ सालीं तेथें उभी राहिली. प्राटरला लागून असलेल्या वस्तींत तर कित्येक घरांसमोर फरसबंदींतच पितळी पाट्या बसविल्या आहेत: नांव, जन्मसाल, आणि कोठें नेलें तें ठिकाण.

आतां पाहुण्यानें काय करावें? तो अपराध त्याचा नव्हे, त्याच्या वाडवडिलांचाही नव्हे. उगाच उसना पश्चात्ताप दाखविणें हें दुसरें ढोंग झालें. परंतु 'माझा काय संबंध?' असेंही त्याला म्हणतां येत नाहीं. शुबर्ट माझा, डोंगरांतलें पाणी माझें, कॉफीगृहाची रीत माझी, आणि नोव्हेंबर तेवढा त्यांचा, ही वांटणी कोणत्या न्यायाची? आपल्याकडे जिंदगी घेणाऱ्यावर बापाचें कर्जही येत असे. पाहुणा वारस नाहीं, हें कबूल. पण शतपथ ब्राह्मणानें देव, ऋषि आणि पितर यांच्या जोडीला मनुष्यांचेंही ऋण सांगितलें आहे, आणि तें आतिथ्यानें फिटतें असें म्हटलें आहे. आतिथ्य करणाऱ्याचें तें फिटतें. घेणाऱ्यावर मात्र तें चढत असलें पाहिजे, असें मी समजतों. तें फेडण्याचें चलन पैसा नव्हे, तो तर वेटरला दिलेलाच असतो. निदान ज्याचें खाल्लें त्याचें घर नीट जाणून घ्यावें, त्यांतली बंद खोलीसुद्धां; आणि चार दिवसांच्या प्रवाशाला जें शक्य नाहीं तें तीन महिने राहणाऱ्याला शक्य असतें.

नोव्हेंबरच्या त्या दिवसांत कांहीं घरांतले आजचे रहिवासी दारापुढची पाटी घासून लख्ख करतात आणि तिच्याशेजारीं मेणबत्ती ठेवतात. त्यांतल्या बहुतेकांचा जन्मही १९४५ नंतरचा. हें काम उरकून तीं माणसें आपापल्या उद्योगाला लागतात, कॉफीलाही जातात. त्यांच्या शेजारून जाणाऱ्या पाहुण्यानें हातांतला चेस्टनटचा पुडा लपवावा असें मला वाटत नाहीं. थांबावें, वांकून नांव वाचावें, वर्षांची वजाबाकी करून वय काढावें. आणि तेवढ्यांत चेस्टनट गार झाले असतील तर तसेच खावे.