पद ही अमानत, शब्दही अमानत

शासकीय सेवेतील माणसाचा मोबाइल त्याच्या स्वतःच्या पैशाचा असतो, खाते त्याच्या नावाचे असते आणि वेळही सुट्टीची असते. मग तेथे तो काय लिहितो, याविषयी कार्यालयाने नियम का करावेत? आपल्या अनेक कुटुंबांत कोणी शिक्षक, कोणी तलाठी, कोणी परिचारिका, कोणी पोलीस शिपाई आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या घरातला आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ सालचे. त्या काळी समाजमाध्यमे नव्हती. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने त्यांच्या वापरासंबंधी सूचना काढल्या. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, वैयक्तिक खात्यावर गणवेश, शासकीय वाहन वा इमारत मिरवू नये, गोपनीय कागद परवानगीविना पसरवू नयेत आणि शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, असे त्यांत सांगितले आहे.

यांतील पहिल्या दोन गोष्टींचे मर्म प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रसंगात सापडते. जकात वसूल करण्यासाठी नेमलेला एक माणूस परतला आणि म्हणाला, हा भाग तुमचा, आणि हा मला भेट मिळालेला. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले, हा आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे आली असती काय? बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. गणवेशातील चित्रफितीला मिळणारी वाहवा याच कसोटीवर घासून पाहा. घरी बसलेल्या त्याच माणसाला ती मिळाली असती काय? मिळाली नसती, तर ती पदाची कमाई आहे. आणि पद तर जनतेची अमानत आहे.

गोपनीयतेचेही तसेच आहे. एखादा माणूस बोलता बोलता इकडेतिकडे पाहतो, तेव्हा त्याची गोष्ट अमानत ठरते, असे हदीसमध्ये आले आहे. मग जो रुग्ण परिचारिकेसमोर विवश होऊन पडला आहे, त्याचे छायाचित्र किती मोठी अमानत असेल!

खरी अडचण शेवटच्या सूचनेत आहे. दिव्य कुरआनच्या सूरह निसामधील १३५ वी आयत न्यायाची साक्ष देण्याचा आदेश देते, मग ती साक्ष स्वतःच्या वा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. मग टीकेवरील बंदी मान्य करणे म्हणजे साक्ष लपवणे नव्हे काय?

येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. धोरण आवडले नाही, हे मत आहे. गरिबाचे धान्य परस्पर विकले गेले, ही साक्ष आहे. नोकरी स्वीकारताना माणूस एक करार करतो आणि करार पाळणे हे श्रद्धावंताचे कर्तव्य आहे (सूरह माइदा, १). त्या करारापोटी आपले मत जाहीरपणे न मांडणे हा संयम आहे. साक्ष मात्र कोणत्याही कराराने विकली जात नाही, कारण निर्मात्याची अवज्ञा होत असेल तेथे कोणाचीही आज्ञा बंधनकारक नाही. ती साक्ष फाइलीवरील लेखी शेऱ्यातून, वरिष्ठांकडे, लोकायुक्तांकडे वा न्यायालयात द्यावी. तेथे ती तपासली जाते. समाजमाध्यमावर तिचा केवळ गवगवा होतो, आणि निरपराध माणूसही त्यात भरडला जातो.

शासनानेही आपली मर्यादा ओळखली पाहिजे. शासकीय कर्मचारी भाषणस्वातंत्र्याला मुकत नाही, मात्र वर्तणूक नियमांच्या मर्यादा त्याला लागू राहतात, असे त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. शिस्तीच्या नावाखाली प्रामाणिक माणसाची जीभ छाटली गेली, तर अमानतीत खयानत शासनाकडूनच होते.

वाचकहो, आपली जबाबदारीही येथेच सुरू होते. तहसील कार्यालयातील भाच्याला आपण म्हणतो, जरा त्या फाइलीचा फोटो पाठव. शाळेतील सुनेला म्हणतो, निकाल आधीच कळव. ते नाही म्हणाले, की आपण रुसतो. त्यांचा हा नकार नात्याचा अपमान नव्हे. त्यात त्यांचा ईमान आहे. खाते वैयक्तिक असो की कार्यालयीन, तोंडून निघणाऱ्या प्रत्येक शब्दाची नोंद करणारा सज्ज असतो, असे सूरह काफ सांगते. त्या नोंदवहीत आपल्या आग्रहाचे शब्दही उतरत आहेत.