चिरलेल्या भांड्यात काय टिकते?

मोरगावी मयूरेश्वराचे दर्शन घेऊन मी परतत होतो, तेव्हा एक तांबट गिऱ्हाइकाला म्हणाला, “काका, चिरलेल्या भांड्यात काय टिकतंय?” आणि ते वाक्य मला बोचत राहिले, कारण ज्या धातूविषयी मी हल्ली वाचीत होतो, तो नेमका उलट वागतो.

1955 साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी अणुसंमीलनाची ऊर्जा दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल असे भाकीत केले होते. ते का लांबले, याची चुंबकांची आणि कोट्यवधी अंशांची कथा सर्वश्रुत आहे, संमीलन-भट्टीच्या आतल्या भिंतीची नाही. भिंतीसाठी टंगस्टन निवडतात, कारण तो 3422 अंशांवर वितळतो आणि त्याच्या निर्दोष स्फटिकात इंधनातला हायड्रोजन जवळजवळ विरघळतच नाही. परंतु संमीलनातून सुटलेले न्यूट्रॉन त्या स्फटिकातील अणूंना स्थानभ्रष्ट करतात, आणि मागे उरलेली एकेक रिकामी जागा हायड्रोजनचे अनेक अणू कोंडून ठेवते.

धारण आणि अडवणूक यांतला भेद मी करतो तो याचसाठी. धडधाकट धातू धारण करतो, म्हणजे पाहुणा येतो, फिरतो, निघून जातो; जखमी धातू अडवणूक करतो. हा पाहुणा ट्रिटियम असेल, म्हणजे 12.3 वर्षांत निम्मा होणारा, किरणोत्सर्गी आणि निसर्गात अत्यल्प असा इंधनी हायड्रोजन, तर ती इंधनाची रक्कम ना खर्ची पडते ना शिल्लक राहते.

माझे एक अभियंता स्नेही म्हणतात, “भिंत तापवा, सारे बाहेर येईल.” पृष्ठभागावर साचलेल्या थरांपुरते त्यांचे म्हणणे मी मान्य करतो. मयूरेश्वराच्या मूर्तीवर शेंदराची पुटे चढत जातात आणि दीर्घ काळाने ते कवच आपोआप गळून पडते असे सांगतात. थराचा धर्मच सुटण्याचा आहे, आणि हे सादृश्य मी भक्तिभावानेच मांडतो. पण खोलवरच्या जखमांचे काय? मध्यम उष्णतेत त्या रिकाम्या जागा सरकतात, एकत्र येतात, पोकळ्या बनतात.

येथवर मी जखमेलाच गुन्हेगार धरीत होतो. परंतु प्रयोगांत असे दिसले, की आघात होत असतानाच हायड्रोजन हजर असेल तर जखमा अधिक उरतात, कारण रिकाम्या जागेत पाहुणा बसल्यावर उडालेल्या अणूला परतणे दुष्कर होते. जखम पाहुण्याला धरते तसा पाहुणाही जखमेला उघडी ठेवतो. मग उष्णता हवी हे स्नेह्यांचे म्हणणे खरेच, पण ती मागाहूनच्या वसुलीसाठी नव्हे. भिंत चालू कामातच इतकी तप्त हवी, की पाहुण्याला बस्तान बसवताच येऊ नये.

त्या तांबटाने डाग देण्यापूर्वी गिऱ्हाइकाची कळशी आधी उपडी केली होती, आतले शेवटचे पाणी निथळेपर्यंत.