शांती राखायला गेलेली सेना

गेल्या रविवारी मिस्सानंतर आवारात तरुण मंडळींत व्हिएतनाम युद्धावर चर्चा रंगली होती. अमेरिकेने इतक्या दूरच्या देशात जाऊन काय मिळवले, असा सगळ्यांचा सूर. आम्हीही त्यात सूर मिसळला. तेवढ्यात धर्मग्रामातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "आणि आपली श्रीलंका?" कोणाला लगेच उत्तर देता आले नाही.

8 मार्च 1965 रोजी अमेरिकन सैनिक दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा मुलींनी त्यांच्या गळ्यात हार घातले. 1987 च्या जुलैअखेर भारतीय शांतिसेना जाफन्यात पोहोचली, तिचेही तमिळ लोकांनी हारांनीच स्वागत केले. व्हिएतनाममध्ये पुढे 58,000 हून अधिक अमेरिकन जवान गेले. व्हिएतनामी माणसे तर लाखांनी मेली.

आपले सैन्य काही जिंकायला गेले नव्हते. 29 जुलै 1987 च्या करारानुसार तमिळ बंडखोरांकडून शस्त्रे घ्यायची आणि शांतता राखायची, एवढेच काम. एलटीटीईने शस्त्रे खाली ठेवली नाहीत, आणि ज्यांच्या रक्षणासाठी गेलो त्यांच्याच गल्ल्यांत ऑक्टोबरमध्ये लढाई पेटली. 21 तारखेला, ऐन दिवाळीत, जाफना रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात साठहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत रुग्ण होते, डॉक्टर होते, परिचारिका होत्या. आधी आतून गोळ्या आल्या, असे भारतीय बाजूने सांगण्यात आले. खाटेवरच्या आजाऱ्याला तो खुलासा कसा पटावा?

25 नोव्हेंबरला मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांनी छातीत गोळी लागलेली असतानाही शत्रूची रायफल हिसकावून घेतली आणि अखेरपर्यंत आपल्या जवानांना आदेश दिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे शौर्य खरे. पण त्याने रुग्णालयातले मरण झाकले जात नाही, आणि मोहीम फसली म्हणून ते शौर्यही उणे होत नाही. सुमारे 1,200 जवान गमावून मार्च 1990 मध्ये सेना मद्रासला परतली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. निर्णय दिल्लीचा होता. पाठ मात्र जवानांकडे फिरवली गेली.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने शांती करणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. शांती राखणे आणि शांती करणे यांतला फरक आम्हा भिवंडीकरांना थोडाफार ठाऊक आहे. मे 1984 च्या दंगलीत लष्कर आले, तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण लष्कर गेल्यावरही मनातली भीती गेली नव्हती. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही समाजांची माणसे पोलिसांबरोबर एकत्र बसू लागली. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या बैठका कंटाळवाण्या असत, भांडणेही होत. पण भांडणारे एकमेकांच्या शेजारी राहणारे होते. जाफन्यातल्या आपल्या जवानाला त्या गल्लीची भाषाही येत नव्हती. मदतीची हाक आली तर जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. बांगलादेशात 1971 साली गेलो, त्याची लाज वाटत नाही. पण बंदूक घेऊन परक्या घरात शिरणाऱ्याने परत निघण्याची वाट आधी पाहून ठेवावी, एवढे तरी त्याच्याकडून मागता येते.

त्या गृहस्थांनी 2 नोव्हेंबरच्या मिस्सासाठी हेतू दिला आहे: शांतिसेनेतील मृत जवान आणि जाफना रुग्णालयातील मृत. नोंदवहीत दोन वेगळ्या ओळी करू का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "एकाच ओळीत लिहा."