विहीर आपली, पाणी कोणाचे?

मे महिना उजाडला की वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांना विश्रांती ठाऊक नसते. मोगऱ्याच्या कळ्या उन्हे चढण्यापूर्वी खुडाव्या लागतात. गवार, भेंडी एक दिवस राहिली तरी जून होते. काकडी आणि दुधी वेलीवर थांबत नाहीत. संध्याकाळी काढलेली भाजी रात्री निवडून, जुड्या बांधून, पहाटेच्या गाडीने दादरकडे न्यायची, ही आपल्या कित्येक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची दिनचर्या. अडचणी तर दरसाल वाढतच आहेत. मजूर मिळत नाहीत, मुले नोकरीधंद्याला लागलेली, बाजारभाव दुसऱ्याच्या हाती. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा केळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. या साऱ्यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज आम्हाला बोलायचे आहे ते वाडीच्या मध्यभागी असलेल्या विहिरीविषयी, कारण भर उन्हाळ्यातले सारे पीक शेवटी तिच्यावर उभे असते आणि तिच्याभोवती एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. विहीर आपल्या जमिनीत आहे, ती आपल्या वाडवडिलांनी खोदली, म्हणून तिच्यातले पाणीही सर्वस्वी आपलेच आहे काय?

कायद्याला विचारावे, तर उत्तर बरेचसे होकारार्थी मिळते. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार, आपल्या जमिनीखाली निश्चित प्रवाह नसलेले जे पाणी असेल ते आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याचा विनियोग करण्याचा हक्क जमीनमालकाला आहे. महाराष्ट्राने १९९३ साली आणि पुढे २००९ साली भूजलासंबंधी कायदे करून या हक्काला काही मर्यादा घातल्या, तरी लोकमानसात जुनीच कल्पना घट्ट बसली आहे. सातबारा ज्याचा, विहीर त्याची आणि पाणीही त्याचेच.

पूर्वी या कल्पनेने फारसे बिघडत नव्हते. बैल किंवा रेडा रहाट ओढीत असे, पोहऱ्यांतून पाणी पाटात पडे, पाटातून वाफ्यात जाई. जनावर दमले की रहाट थांबे आणि तेवढ्या अवधीत झरे विहीर पुन्हा भरीत. माणसाच्या हावेला जनावराच्या थकव्याने मर्यादा घातली होती. मोटार आली आणि ती मर्यादा गेली. मोटार दमत नाही. पुढे शहर वाढले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. नळाचे पाणी वस्तीच्या वेगाने आले नाही, आणि वाडीतल्या विहिरींपाशी टँकर उभे राहू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईच्या चळवळीने जे प्रश्न ऐरणीवर आणले, त्यांत हा पाणीउपशाचा प्रश्न प्रमुख होता. फादर २०२४ साली आपल्यातून गेले; प्रश्न अजून आपल्यात आहे.

पाणी विकणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. परंतु त्याची बाजू नीट ऐकली पाहिजे. दिवसभर उन्हात राबून काढलेल्या भाजीचे पैसे कित्येकदा मजुरी आणि गाडीभाडे यांतच संपतात. तेच पाणी टँकरमध्ये भरले तर श्रमावाचून रोख रक्कम हाती येते. घरात शिक्षणाचा खर्च असतो, आजारपण असते. शिवाय ते पाणी ज्यांच्या घरी जाते तीही तहानलेली माणसेच आहेत. तान्ह्या मुलाच्या दुधासाठी लागणारे पाणी वांग्याच्या रोपाला घालावे, असे कोण म्हणेल? या युक्तिवादाला उत्तर द्यायचे असेल तर रागावून भागणार नाही. जमिनीखाली काय घडते, हे पाहावे लागेल.

आपली वाडी समुद्रालगतची. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तो मुरतो आणि त्याचे गोडे पाणी जमिनीत शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. कारण एक लिटर समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे पंचवीस ग्रॅम जड असते. घायबेन हा डच आणि हेर्झबर्ग हा जर्मन, अशा दोन अभियंत्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याचे गणित मांडले. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी फूट असेल, तिच्या सुमारे चाळीस पट खोल ते पाणी खाली पसरलेले असते. म्हणजेच वरची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने सुमारे चाळीस फूट वर सरकू शकते. आणि ते सरकताना बांध पाहत नाही. उपसा एकाच्या विहिरीत होतो आणि शेजाऱ्याच्या केळीच्या पानांच्या कडा करपू लागतात. शेजाऱ्याने काहीच विकलेले नसते.

येथे मालकीची कल्पना अपुरी पडते. विहिरीचे कठडे आपले आहेत, खोदाईचे श्रम आपले आहेत, पाणी मात्र साऱ्या गावाच्या एका सामाईक साठ्यातून येते. त्यात आपला वाटा आहे, आणि वाटा म्हटला की त्याला माप आले. पावसाने जेवढे दिले तेवढ्यातलेच घेणे हे ते माप. हा नियम टँकरवाल्याला लागू आहे, तसाच रात्रभर मोटार चालू ठेवून वाफे तुडुंब भरणाऱ्या शेतकऱ्यालाही. खरी शेती करतो म्हणून त्याला सूट मिळत नाही.

जुन्या करारात इसहाकाची कथा आहे. त्याच्या चाकरांनी विहिरी खोदल्या, गरारच्या गुराख्यांनी भांडण काढले, तेव्हा तो पुढे सरकत गेला आणि जिथे तंटा झाला नाही तिथे त्याने जागेला ‘मोकळीक’ अशा अर्थाचे नाव दिले. आपल्याला पुढे सरकायला जागा नाही. पश्चिमेला समुद्र आहे. मोकळीक आपल्याला इथेच, एकमेकांशी बोलून निर्माण करावी लागेल.

त्याचा भार मात्र एकट्या शेतकऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. दारावर आलेल्या भाजीवालीशी एका जुडीसाठी घासाघीस करणारे आपणच, आणि वाड्या हिरव्या राहाव्यात असे म्हणणारेही आपणच! पाण्यापेक्षा भाजीला कमी मोल मिळत असेल, तर पाणी विकले जाणारच. नळाच्या पाण्याचेही तसेच. सूर्या नदीवरील धरण मुळात सिंचनासाठी बांधले गेले. त्याचे पाणी शहराला मिळाले, याचा आनंद मानताना डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतकऱ्याच्या वाट्याचे काय, हा प्रश्न आपण विचारायला हवा. आपल्या विहिरीला जो न्याय आपण मागतो, तोच त्याच्या पाटालाही लागू आहे.

पावसाला अजून थोडे दिवस आहेत. जी बावखले भरावातून वाचली आहेत, त्यांतला गाळ आताच काढता येईल. छपराचे पाणी गाळून विहिरीत सोडता येईल. एका आळीतल्या चार-पाच कुटुंबांनी दर आठवड्याला आपापल्या विहिरीची पातळी दोरीने मोजून एकाच वहीत लिहिली, तर कोणी किती वेळ मोटार चालवावी याची चर्चा तरी सुरू होईल. त्या वहीत पहिला आकडा कोणी लिहायचा, एवढेच ठरायचे आहे.