रक्ताचा कागद

दहा वर्षं होत आली. भावकीतला एक जण सांजच्याला वस्तीवर आला. हातात पाकीट. म्हणाला, "तात्या, जरा वाचून सांगा." कोर्टाच्या हुकमानं झालेल्या डीएनए तपासणीचा रिपोर्ट होता. पोरगी त्याची नव्हती. बायको तीन वर्षांमागंच माहेरी गेलेली, आणि पोरीला महिना दीड हजार पोटगी चालू होती.

मी दहावीपर्यंत शिकलेला, रोज पेपर वाचणारा. मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं, "अरे, 2014 साली सुप्रीम कोर्टानं असाच निकाल दिलाय, प्रकरणही आपल्या महाराष्ट्रातलंच. रक्त जुळलं नाही, म्हणून पोरीची पोटगी रद्द केली. फक्त आधी दिलेले पैसे परत मागायचे नाहीत." जुना कायदा 1872 चा. त्याचं कलम 112 म्हणायचं, लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच; त्या काळात दोघांची गाठच पडणं शक्य नव्हतं हे दाखवलं तरच सुटका. तेव्हा रक्ताची अशी तपासणी कुठली? 2024 पासून नवा कायदा आला, पण ते कलम आहेच, आकडा 116 झाला एवढंच.

माझ्या बोलण्यानं त्याला बळ आलं. पोटगी बंद झाली.

त्याचा संताप मला कळतो. दुसऱ्याचं लेकरू मी का पोसू, या त्याच्या सवालाला माझ्यापाशी अजून जवाब नाही. पण फसवलं थोरांनी आणि दंड बसला सात वर्षांच्या पोरीला. ज्याचं रक्त होतं त्याला कुणी हाकसुद्धा मारली नाही. बाप कोण नाही ते कागदानं सांगितलं. वह्या-पुस्तकं कोण घेणार ते त्यात कुठं लिहिलेलं?

गाय परकं वासरू हुंगते अन् लाथ घालते. जनावरच ते. पण ह्या गड्यानं चार वर्षं त्या पोरीला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली मी बघितलीय. तिला गोवर निघाला तेव्हा मध्यरात्री माझी मोटारसायकल मागायला हाच आला होता, पायात चप्पल नव्हती. रिपोर्ट आला म्हणून ती रात्र खोटी झाली का? हे मी त्याला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं. मी पेपरातला निकाल सांगत बसलो.

परवा बाजारात ती आईशेजारी मेथीच्या जुड्या मांडून बसलेली. मला ओळखून म्हणाली, "तात्या, आमचे अण्णा बरे हायेत का?"

"बरे हायेत," म्हणालो. दोन जुड्या घेतल्या, पन्नासची नोट दिली आणि सुट्टे न घेताच निघालो. तिनं मागून हाक मारून सुट्टे हातात ठेवले.