एकही डाग नाही?

वही मिटू नकोस. मोठ्याने वाच. "आवळ्याच्या रसात बुडवलेल्या कैरीच्या फोडी काळ्या पडल्या नाहीत, म्हणून आवळा हा नैसर्गिक अँटिऑक्सिडंट आहे." झालं? पाण्यात बुडवलेली फोड कुठाय? काहीच न लावलेली कुठाय? मग काळी पडली नाही, ती कोणाच्या तुलनेत?

आणि वैशाखात ताजा आवळा कुठून आणलात रे? तो थंडीतला. बाटलीतला रस असेल तर तसं लिहायचं, आणि त्यात सल्फाइट घातलंय का ते लेबलावर बघायचं. सल्फाइटनेही फोड पांढरी राहते. मग श्रेय आवळ्याला कसं दिलंत?

चिरलं कशाने? "घरच्या विळीने." लोखंडाच्या. आवळ्यात टॅनिन असतं, ते लोखंडाला भिडलं की निळसर काळं पडतं. जुन्या काळी शाई याच मेळातून करायचे. तुमच्या फोडींवर मात्र एकही डाग नाही! प्रयोग केलात की कुठून उतरवून काढलात? मान खाली घालू नका, उत्तर द्या.

धडगावची पोरं तुम्ही. तुमच्या अंगणात आमचूर वाळतं. व्यापारी फोडी हातावर घेतो आणि रंग बघून भाव करतो. काळपट फोडीचे पैसे तुमच्या आईच्या हातून जातात, आणि तुम्हाला हे वही भरण्यापुरतं वाटतं!

कैरी चिरली की पेशी फुटतात. आत वेगवेगळे ठेवलेले फिनॉल आणि पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनसमोर एकत्र येतात. फिनॉलचे क्विनोन होतात, ते एकमेकांत गुंतत जातात आणि तपकिरी रंग चढतो. आवळ्यातलं क जीवनसत्त्व क्विनोनला परत फिनॉल करतं, पण त्यात स्वतः खर्ची पडतं. ते संपलं की रंग पुन्हा सुरू. म्हणून विचारतो, फोड किती वाजता बघितलीत? वेळच लिहिलेली नाही. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचं काम निराळं, ते विकरालाच मंद करतं. कैरी मुळातच आंबट, तेव्हा वरून आणखी आंबट लावून किती फरक पडला, हे मोजावं लागेल. शिवाय वाळताना विकराविनाही रंग चढतो. क जीवनसत्त्व मोडतं, त्यातूनही तपकिरी होतं. म्हणजे ज्याला तुम्ही तारणहार ठरवलंत, तेच पुढे आरोपी.

सेंट-ग्यॉर्गी हा हंगेरीचा शास्त्रज्ञ याच काळं पडण्याच्या प्रश्नामागे लागला होता. लिंबूवर्गीय फळाच्या रसात रंग यायला किंचित उशीर होतो, एवढंच त्याला दिसलं. तो उशीर त्याने सोडला नाही, आणि त्यामागे हेच क जीवनसत्त्व निघालं. 1937 साली नोबेल मिळालं. तुम्ही तर घड्याळाकडेही बघितलं नाहीत.

एकाच झाडाची कैरी घ्या, स्टीलची सुरी घ्या. एक फोड कोरी, एक पाण्यातली, एक लिंबातली, एक आवळ्यातली. तासातासाला बघून लिहायचं. डाग पडला तर डाग लिहायचा. ही वही मी ठेवून घेतोय.