जनुके, संगोपन आणि आईची परिस्थिती

पिल्लाच्या स्वभावात जनुकांचा वाटा किती आणि संगोपनाचा किती, हे ठरवताना पहिली अडचण अशी की बहुतेक सस्तन प्राण्यांत दोन्ही गोष्टी एकाच आईकडून येतात. भित्र्या आईचे पिल्लू भित्रे निघाले, तर तो गुण उपजत की वाढवण्यातून आलेला, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी जन्म एकीकडे आणि संगोपन दुसरीकडे अशी फारकत व्हावी लागते.

निसर्गात ही फारकत कोकिळा करते. पनवेल परिसरात पावसाच्या तोंडावर कावळ्यांची वीण सुरू असते, तेव्हा त्यांच्या घरट्यांत कोकिळेचीही अंडी सापडतात. तिचे पिल्लू आधी बाहेर येते आणि घरटे सोडल्यावरही कावळे त्याला चोचीने भरवत राहतात. एवढे होऊनही नर मोठेपणी कुहूकुहूच करतो आणि मादी परक्याच्याच घरट्यात अंडी घालते. इथे जनुकांचे पारडे स्पष्टच जड आहे. पण परक्याच्या घरी वाढणे हीच ज्याची रीत, त्या पक्ष्याला पालकाचे वळण न लागणेच सोयीचे. सस्तन प्राण्यांचे गणित वेगळे आहे.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या आया न्याहाळल्या. काही आया पिल्लांना वारंवार चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेली पिल्ले मोठेपणी संकटात कमी घाबरतात. कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले भरपूर चाटणाऱ्या आईकडे वाढवली, तर तीही तशीच धीट होतात, आणि त्यांतल्या माद्या पुढे स्वतः भरपूर चाटणाऱ्या आया होतात. 2004 मध्ये या गटाने त्यामागची यंत्रणा मांडली. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात ताणाच्या संप्रेरकाला आवर घालणारे एक ग्राही प्रथिन असते. कमी चाटलेल्या पिल्लांत त्याच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथाइल रेणू अधिक चिकटलेले आढळतात, त्यामुळे ते प्रथिन कमी तयार होते. हा फरक पहिल्या आठवड्यातच पडतो. जनुकाची अक्षरे तीच राहतात, त्याचा वापर बदलतो.

संगोपनाचा परिणाम किती होईल, हेही जनुकांवर अवलंबून असते. प्रयोगशाळेतील उंदरांच्या ‘बाल्ब-सी’ या भित्र्या वाणाची पिल्ले ‘सी-57’ वाणाच्या आयांनी वाढवली, तर त्यांची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया सौम्य होते. उलट ‘सी-57’ची पिल्ले ‘बाल्ब-सी’ आयांकडे वाढूनही तशी बिघडत नाहीत. म्हणून दोन्हींचे टक्के वेगळे काढून बेरीज करण्यात अर्थ नाही.

माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. तरी बुखारेस्टच्या अनाथालयांतील 136 मुलांच्या अभ्यासाने पुष्कळ सांगितले. साधारण दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली. माया लावणारे माणूस जन्मदात्री आईच असले पाहिजे, असे मात्र नाही.

आईच्या वागण्यामागे तिची परिस्थिती असते. सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात आढळणाऱ्या बॉनेट माकडांवर न्यूयॉर्कमध्ये प्रयोग झाले. काही आयांना अन्न सहज मिळे, काहींना कायम कष्टाने, तर काहींना कधी सहज, कधी कष्टाने. उपाशी कोणीच नव्हते. सर्वाधिक बुजरी पिल्ले तिसऱ्या गटातली निघाली. मोठेपणीही त्यांच्या मेंदूद्रवात ताणाशी निगडित रसायन वाढलेले होते. आयांचे लक्ष मोडले ते अनिश्चिततेने.

रायगड जिल्ह्यात ही अनिश्चितता वीटभट्टीवर दिसते. कातकरी जोडपी उचल घेऊन पावसाळ्यानंतर भट्टीवर जातात आणि तान्ही मुले सोबत नेतात. मजुरी पाडलेल्या विटांवर मिळते, म्हणजे बाळाला घेण्यासाठी हात थांबला की कमाई थांबते. गाव सुटले की तिथली अंगणवाडीही सुटते. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. पण उचलीवर काम करणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले फारसे काही पडत नाही. संगोपन मेंदू घडवते हे एकदा मान्य केले, की त्याचा उपदेश फक्त आईला करून भागत नाही. भट्टीजवळची अंगणवाडी आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांतली बुडालेली मजुरी भरून देणे, ही मुलांच्या मेंदूवरचीच गुंतवणूक ठरते.